मोटर नवीन बसवल्याचं बिल, दारात मात्र जुनीच मोटर

दारव्ह्याहून यवतमाळला जाताना ड्रायव्हरकडची काच खाडकन दारात पडली. बटण दाबलं की आतून गुर्र आवाज यायचा, काच काही वर येत नव्हती. आभाळ भरून आलं होतं, म्हणून रस्त्यावरच्याच एका गॅरेजवर गाडी लावली. मेकॅनिकनं दोनदा बटण दाबून पाहिलं अन् सांगितलं, "मोटर जळाली भाऊ. पूर्ण मशीनच टाका लागते." साडेचार हजार घेतले. बिलावर 'काचेची मशीन मोटरसह, नवीन' असं लिहून दिलं. जुनं सामान मागितलं, तर म्हणे भंगारात गेलं.

आवाज येत असेल तर मोटर फिरते आहे, जळालेली नाही. दाराच्या आत मोटर एक चरखी फिरवते. त्या चरखीवर पोलादी केबल गुंडाळलेली असते आणि ती वरच्या-खालच्या पुलीवरून जाऊन काचेची पकड ओढते. केबल तुटली किंवा प्लास्टिकची पकड फुटली, की मोटर नुसतीच फिरत राहते. आवाजच नसेल, तर आधी फ्यूज, मग स्विच, मग बिजागरीजवळच्या रबरी नळीतली वायर पाहायची. मोटरवर संशय त्यानंतर.

पोळ्याच्या आधीच काच पुन्हा पडली. या वेळी गावातल्या कूलरच्या मोटारी भरणाऱ्या पोराला दार उघडायला सांगितलं. डोअर पॅड, म्हणजे दाराचं आतलं आवरण, काढलं तर मोटरवर रंग उडालेलं 2014 चं जुनंच स्टिकर, आणि स्क्रूवरचा गंजही हललेला नव्हता. केबलचा तुटका भाग काढून तिथं मोटरसायकलच्या क्लचची तार जोडली होती. जोड कशाचा? घरातल्या बोर्डात वायरी जोडायचा पितळी कनेक्टर! तो पुलीवरून जाईना म्हणून पुलीची कडाच कापलेली. त्या कापलेल्या कडेवर घासून तारेचा एकेक धागा तुटत गेला होता. पाणी अडवणारा प्लास्टिकचा कागदही फाडून आतच कोंबलेला. हे पाहून माझं डोकंच फिरलं.

केबल जोडणं हीच लबाडी, असं मी म्हणत नाही. खेड्यात सामान मिळत नाही, जुगाड करावा लागतो. पण तार मूळ केबलच्याच जाडीची हवी, म्हणजे चरखीच्या खाचेत नीट बसते. जोड दाबून घट्ट केलेल्या धातूच्या नळीचा हवा आणि तो पुलीवर किंवा चरखीवर कधीच येता कामा नये. काचेच्या रबरी खाचेत धूळ साचली की सगळा ताण केबलवर येतो, म्हणून ती पुसून सिलिकॉन स्प्रे मारायचा. त्या रबराला ग्रीस लावायचं नाही. पोरानं हे सगळं केलं आणि त्याचे फार थोडे पैसे घेतले.

गॅरेजवाल्याकडे बिल घेऊन गेलो, तर त्यानं हात वर केले. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 ला, तक्रार नोंदवली. बिल आणि दार उघडल्यावरचे फोटो जपून ठेवले आहेत. तिथं निकाल लागला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. तुमच्याकडे कुणी 'मोटर जळाली' म्हणालं, तर मोटर बाहेर काढून तुमच्यासमोर 12 व्होल्टच्या बॅटरीवर लावायला सांगा, आणि जुनं सामान हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.