खेळण्यांच्या डब्यासोबत घरात आलेलं कर्ज

पुणे परिसरातल्या पिंपळे सौदागर, वाकड, बाणेर या पट्ट्यातल्या सोसायट्यांमध्ये रविवारी क्लबहाउसपाशी ‘मोफत ब्रेन असेसमेंट’चा स्टॉल लागतो. घरात लहान मूल असेल तर हे नीट वाचा. तिथे आधी धास्ती विकतात, खेळणी मागाहून येतात.

आमची लेक अडीच वर्षांची. स्टॉलवरच्या मॅडमनी तिला टॅबवर चित्रं दाखवली, मग रंगीत रिंगा दांडीत घालायला दिल्या. त्यांनीच टेबलाला फुगे बांधलेले, त्यामुळे पोरीचं सगळं लक्ष फुग्यांत. टॅबवर लाल पट्टी उमटली. “ताई, फाइन मोटर स्किल्समध्ये, म्हणजे बोटांच्या बारीक कामांत, ती बरीच मागे आहे. घाबरू नका, पण सहा वर्षांनंतर मेंदू सेट होतो, मग काही करता येत नाही.” ‘घाबरू नका’ म्हणत घाबरवायचं हे कसब मी एरवी फक्त विमा एजंटांकडे पाहिलं होतं. मुलाच्या वाढीबद्दल खरंच शंका असेल तर लस द्यायला जाल तेव्हा बालरोगतज्ज्ञांनाच विचारा. निदान आणि बिल एकाच टेबलावर मिळत असेल तर तिथून उठा.

इलाज काय, तर वर्षभराचं ‘मॉन्टेसोरी किट’. दर महिन्याला एक डबा, एकूण १८,५०० रुपये. “नो कॉस्ट ईएमआय आहे सर, नुसता ओटीपी सांगा.” त्या ओटीपीवर नवऱ्याच्या नावाने एका फायनान्स कंपनीचं कर्ज निघालं. सगळी रक्कम एकदम विक्रेत्याकडे गेली आणि बारा हप्ते आमच्या गळ्यात पडले. कागदावर ‘कर्ज’ हा शब्द होता, पण मॅडमच्या तोंडी एकदाही आला नाही.

पहिला डबा बरा होता. दुसऱ्यात मासे पकडायचा खेळ आला. गळाच्या टोकाचं चुंबक नुसतं गोंदाने चिकटवलेलं, पहिल्याच दिवशी सुटून माझ्या हातात आलं, हरभऱ्याच्या डाळीएवढं. अशी दोन चुंबकं पोटात गेली तर आतड्याच्या दोन बाजूंनी एकमेकांना ओढून भोक पाडू शकतात. बोलणाऱ्या पेनात बटणासारखा सेल, आणि त्याच्या झाकणाला स्क्रूसुद्धा नाही. तो सेल घशात अडकला तर दोन तासांत अन्ननलिका भाजते.

मग डबा उलटा करून पाहिला. भारतात १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो (साध्या खेळण्यांना आयएस ९८७३, विजेवर किंवा सेलवर चालणाऱ्यांना आयएस १५६४४) आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक. आमच्या डब्यावर हे सगळं छापलेलं होतं. हा मार्क देणाऱ्या भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तो परवाना क्रमांक टाकला तर असा परवानाच नाही. विक्रेत्याला फोन केला तर म्हणे, “आमची हस्तकला आहे, तिला सूट आहे.” सूट असते, पण हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांच्या मालाला आणि जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेल्या वस्तूंना. सेलवर बोलणारं पेन कुठल्या गावची हस्तकला? आणि सूट असेल तर शिक्का कशाला छापला?

कोथरूडला बालवाडी चालवणाऱ्या मैत्रिणीने किटमधला ‘मॉन्टेसोरी टॉवर’ बघून कपाळाला हात लावला. मॉन्टेसोरी शिक्षणपद्धतीतल्या खऱ्या गुलाबी मनोऱ्यात दहा ठोकळे असतात, एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत, सगळे एकाच रंगाचे, म्हणजे मुलाला फरक दिसतो तो फक्त आकारमानाचा. आमच्याकडच्या ठोकळ्यांना सात रंग, वर इंग्रजी अक्षरं, वर प्राण्यांची स्टिकरं. मॉन्टेसोरी हे नाव कोणीही छापू शकतं, त्यावर कुणाची मालकी नाही.

तिसरा डबा आलाच नाही. विक्रेता म्हणतो, कर्जाचं फायनान्सवाल्यांशी बोला. ते म्हणतात, मालाचं विक्रेत्याशी बोला. या टोलवाटोलवीत हप्ता मात्र वेळेवर कापला जातो आणि थांबवला तर सिबिल स्कोअर बिघडतो. डिजिटल कर्जाला ‘कूलिंग-ऑफ’ मुदत असते, तेवढ्यात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. आमची ती कधीच उलटली होती. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. खरेदी पाच लाखांपर्यंतची असेल तर तिथे फी लागत नाही आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते. कर्जाचा करार, डब्याचे फोटो, व्हॉट्सॲपवरची बोलणी, काहीही डिलीट करू नका.

स्टॉलवाल्यांचा पत्ता हवा म्हणून सोसायटीच्या ऑफिसात गेले. तिथे भाड्याची पावती निघाली, रोख रक्कम, एक नुसतं पहिलं नाव आणि आता बंद असलेला नंबर. जीएसटी क्रमांक नाही, ओळखपत्राची प्रत नाही. कमिटीतले काका म्हणाले, “आम्ही फक्त जागा देतो.” गेल्या आठवड्यात वाकडच्या एका सोसायटीतून मैत्रिणीने फोटो पाठवला: तोच टॅब, तेच फुगे, बॅनरवर मात्र वेगळं नाव. तुमच्या आवारात हा स्टॉल दिसला तर मुलाला तिथे बसवायच्या आधी कमिटीकडे ती भाड्याची पावती मागा.