चाकू तीन मिलिमीटरचा, पार्सल 1.640 किलोचं

एकूण 26,540 रुपये. चौदा घडीचे चाकू, एकेक 1,850 ला, म्हणजे 25,900. वर 640 भाडं. यातले 12,950 आगाऊ दिले, बाकीचे माल निघाल्याची पावती बघून. पैसे चौदा जणांचे, इंदूरजवळच्या जानापाव-चोरलला भटकणाऱ्या टोळीचे. निवड माझी. म्हणून लाजही माझीच. नमुना एक आणि माल दुसरा हा खेळ इंदूरला नवा नाही. साडीपासून पाण्याच्या पंपापर्यंत सगळ्यात चालतो. चाकूत तो नेमका कुठे लपवतात तेवढं लिहितो, कारण बाहेरून ते चौदा चाकू आणि नमुना यांत काही म्हणजे काही फरक दिसत नाही.

नमुना अस्सल होता (त्याचे 1,850 वेगळे, ते पाण्यात गेले असं म्हणत नाही). पात्याच्या पाठीवर जाडी मोजायचं कॅलिपर लावलं तर खिळीजवळ, म्हणजे ज्याभोवती पातं फिरतं तिथे, 3.0 मिलिमीटर, टोकाच्या सेंटिमीटरभर अलीकडे 1.6. म्हणजे टोकाकडे रीतसर निमुळता. धारेच्या जरा वर, जिथे तिरकी घासणी सुरू होते तिथे 0.45. हा शेवटचा आकडा कुठल्याच जाहिरातीत नसतो आणि कापायचं काम मात्र तोच करतो. पाठ तीनची असो की दोनची, धारेमागे 0.3 ते 0.5 असेल तर कांदा, दोरी, पुठ्ठा सगळं सरळ कापलं जातं. तिथे पाऊण-एक मिलिमीटर असेल तर पातं कापत नाही, पाचरीसारखं फाडतं. सफरचंद मधूनच तडकलं की ओळखायचं.

आलेल्या मालात पाठ 1.9 आणि धारेमागे 0.9. पातळ पातं, जाड धार. दोन्हीकडून वाईट तेवढं एकत्र. पत्र्यातून ठोकून काढलेलं पातं, खाली बोटभरही घासलेलं नाही, फक्त कडेला धार लावलेली. पातळ असणं हा दोष नव्हे. ओपिनेल हा फ्रेंच चाकू 1890 पासून बनतो, त्याचं आठ नंबरचं पातं दोन मिलिमीटरच्या आतलंच आहे आणि कापण्यात त्याचा हात धरणारे कमी. 1.9 चा चाकू 1.9 चा सांगून चारशेला विकला असता तर खुशीनं घेतला असता. उलट चार मिलिमीटरवाले मिशीला पीळ देण्यापुरते. खिशात वजन, कामात अडचण.

आता फोटो. जाहिरातीत कॅलिपरवर 3.02 दाखवलंय. तो फोटो मोठा करून बघायची बुद्धी पैसे गेल्यावर झाली. पातं जबड्यात तिरकं धरलंय, एका बाजूनं उजेडाची फट दिसते. पातं तिरकं धरलं की दीडपटसुद्धा आकडा फुगवता येतो. फोटो मागूच नका, व्हिडिओ मागा: आधी जबडे मिटून 0.00, मग पातं सपाट धरून तीन ठिकाणी माप. खिळीजवळ, मध्यावर, टोकाशी. आढेवेढे घेतले की विषय संपला.

पण फोटो चुकला याचं मला एवढं वाटत नाही. पावती चुकली, ते सहन होत नाही.

नमुन्याचा चाकू 118 ग्रॅम, त्याचा डबा 34. दोन्ही मिळून 152. चौदांचे 2,128, वरच्या खोक्याचे दीडशे धरा, सव्वादोन किलोच्या वर व्हायला हवं. कुरिअरच्या पावतीवर छापलेलं होतं 1.640 किलो. छापलेलं! ठळक, भाड्याच्या आकड्याच्या शेजारी. मी 640 रुपये वाचले, 1.640 किलो वाचलं नाही. आणि दुसरे 12,950 नि भाडं पाठवलं. हिशेब पाचवीतल्या पोराचा होता. नगामागे पंचेचाळीस ग्रॅम कमी, म्हणजे पात्यातलं पोलाद गेलं, मुठीच्या आतल्या लोखंडी पट्ट्या गेल्या, खीळ गेली. माझ्या बाजूनं इतकंच म्हणेन की नमुना हातात होता आणि त्याच्यावर विश्वास ठेवणं हा काही गुन्हा नाही. पण नमुना तोलून ठेवला होता, वहीत लिहिला होता. मग ती वही कशाला होती?

खीळ हा खरा गुन्हा. नमुन्यात जवळपास पावणेपाच मिलिमीटरची खीळ, ताऱ्याच्या खाचेचा टी-8 स्क्रू, तो सैल होऊ नये म्हणून निळं थ्रेडलॉक, दोन्हीकडे बेअरिंग. मालात बाहेर तसाच टी-8 चा तारा. पान्हा लावला, फिरवला, तो फिरतच राहिला. आतून ना घट्ट ना सैल. चिमट्यानं उपसला तर वर नुसती टोपी चिकटवलेली आणि खाली तीन मिलिमीटरचा ठोकलेला रिव्हेट. रिव्हेट वाईट नसतो हेही सांगतो. स्विस आर्मी चाकूला रिव्हेटच असतो आणि तो वर्षानुवर्षं टिकतो. स्क्रूचं सोंग घेतलेला रिव्हेट वाईट, कारण सैल झाला की कसता येत नाही. बेअरिंगच्या जागी नायलॉनच्या चकत्या, त्याही इतक्या मऊ की पातं दहा-वीसदा उघडल्यावर कडेनं बाहेर फुगल्या आणि पातं पट्टीला घासायला लागलं.

तसं बेअरिंग ऐकून हुरळलो हीही चूकच. मनगटाच्या झटक्यानं उघडतं, दाखवायला छान. पण छऱ्यांखाली कडक केलेली चकती नसेल तर ते मऊ पट्टीत चर पाडतात, आणि चोरलची धूळ, पेरूचा रस एकदा आत गेला की खरखर सुरू. आमच्या कामाला फॉस्फर ब्राँझच्या वॉशरचा चाकू बरा. हळू उघडतो, पुसून तेलाचा एक थेंब टाकला की पुन्हा नवा.

दुकानात हातात घेतलात तर पातं उघडून टोक चिमटीत धरा आणि डावी-उजवीकडे हलवा. जरा हललं तर स्क्रू फेऱ्याच्या आठव्या भागाएवढा कसून बघा. थांबलं तर ठीक, दोन दिवसांत परत हललं तर वॉशर गेले. नंतर वर-खाली हलवा. ते हललं तर स्क्रूला हात लावू नका, चाकू परत ठेवा. तो दोष लॉकचा किंवा पातं अडवणाऱ्या पिनेचा, कसून जात नाही. लायनर लॉक असेल, म्हणजे मुठीतली पट्टी सरकून पातं अडवत असेल, तर उघडल्यावर ती पट्टी पात्याच्या बुडाच्या पाव ते निम्म्या रुंदीवर बसलेली दिसली पाहिजे. कडेलाच टेकली तर कधीही निसटेल, पार पलीकडे गेली तर झिजायला जागा उरली नाही. आमच्या चौदांपैकी सहांची पट्टी कडेलाच. बोटं पात्याच्या वाटेत ठेवून लॉक तपासू नका, हे लिहावं लागतंय यावरून समजा.

आणि चुंबक लावून 'बघा साहेब, असली डी-2' म्हणणारे भेटतील. डी-2 ही पोलादाची एक जात. धार लागावी म्हणून कडक केलेलं चाकूचं पोलाद जवळपास सगळंच चुंबकाला चिकटतं, हलक्या दर्जाचंसुद्धा. डी-2 नीट कडक केलेलं असेल तर कडकपणाच्या रॉकवेल मापावर साधारण 58 ते 61. त्यावरून साधी कानस घसरते. मालाच्या पात्यावर कानस लोण्यात गेल्यासारखी बसली.

बिलावरचा पत्ता इंदूरच्याच सियागंजचा. गेलो, तिथे किराण्याचं गोदाम. जीएसटी क्रमांक 07 नं सुरू होणारा. मध्य प्रदेशचा 23 नं होतो, 07 दिल्लीचा. वर मोजले तर अक्षरं चौदाच, पाहिजेत पंधरा. पोर्टलवर फुकट तपासता येतं, अर्ध्या मिनिटाचं काम. ते मी केव्हा केलं, विचारू नका.

बँकेत म्हणाले, पिन तुम्हीच टाकलात. कुरिअरवाले म्हणाले, आम्ही खोकं तोलतो, आतलं नाही. मग ठाण्यात. तिथे पहिला प्रश्न 'बटनवाला है? गरारीवाला?' म्हणजे स्प्रिंगनं झटकन उघडणारा की दात्यांवर करकरत उघडणारा. साडेआठ सेंटिमीटरचं पातं, अंगठ्यानं उघडणारं. शस्त्र नियमांची मर्यादा नऊ इंच लांबी किंवा दोन इंच रुंदीची; मध्य प्रदेशात बाहेर बाळगायला मात्र लांबी सहा इंचांपर्यंतच, आणि बटनवाला केवढाही छोटा असला तरी बाळगू नये, हे मला माहीत होतं, म्हणून चौदांतला एकही तसा नव्हता. हे समजावण्यात पाऊण तास. फसवणूक झालेला मी, आणि खिसे उलटे करून उभाही मीच! मग मुंशींनी नमुना आणि माल दोन्ही घेतले, उघडले, मिटले. 'चल तो रहा है भिया.' कॅलिपर पुढे केलं तर त्याकडे असं बघितलं की जणू तेच हत्यार. 'माल मिला ना? फिर धोखा कैसा, ये तो दीवानी मामला है.' पितळ सोनं म्हणून दिलं तरी मालच मिळाला म्हणणार का? भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीचंच आहे. अर्ज घेतला, पोच दिली नाही. दुसऱ्या खेपेला अर्ज सापडला नाही. तिसऱ्या खेपेला ते साहेब रजेवर. पोच घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नका, उठवलं तरी.

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. पण नोटीस पाठवायला समोरच्याचा पत्ता लागतो, आणि पत्त्यावर तुरीची पोती. सायबर फसवणुकीच्या 1930 या क्रमांकाला फोन करायचा असेल तर पैसे गेल्या गेल्या, तासाभरात. पैसा पुढच्या खात्यात सरकायच्या आत थांबवता येतो. मी केला अकराव्या दिवशी, कारण आधी नऊ दिवस त्या विक्रेत्याशी गोडीगुलाबीनं बोलत होतो. 'भाई, कल बदल के भेजता हूँ.' असे नऊ उद्या.

काल तीच जाहिरात पुन्हा दिसली. नाव दुसरं, किंमत 1,650. फोटो तोच, 3.02 चा, पातं अजून तिरकंच आहे.