भिंतीवरचं झाड: कट विनाइल, छापील स्टिकर की स्टेन्सिल?

नागपुरातलं प्रतापनगरचं भाड्याचं घर सोडताना मी बैठकीतल्या भिंतीवरचं स्टिकरचं झाड काढायला घेतलं. तेव्हा मे महिना होता आणि ते झाड चार वर्षांचं झालं होतं. पहिलं पान ओढलं तर नखाएवढा तुकडाच हातात आला. दुसऱ्या पानाबरोबर रंग निघाला आणि खोडाबरोबर तळहाताएवढी पुट्टी. घरमालकीण काकू दारात उभ्या होत्या. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आता पेंटरलाच बोलवावं लागेल न."

नुसता पॅच मारून चाललं नाही. चार वर्षं ऊन-धूळ खाल्लेल्या भिंतीवर त्याच शेडचा नवा रंगही वेगळा दिसतो. अख्खी भिंत रंगवून द्यावी लागली आणि ते पैसे डिपॉझिटमधून गेले.

त्यानंतर बेसा भागातल्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये, बहिणीकडे आणि दिराकडे मिळून बरंच काही लावलं आणि बरंच काढलंही. भिंतीवर काहीतरी करायचं ठरवलंय, पण स्टिकर घ्यावा की स्टेन्सिल मारून घ्यावं हे ठरत नाही, अशांसाठी हे लिहिते आहे. दुकानात किंवा मोबाइलवर आपण चित्र बघून निवडतो. मी आता प्रत्येक पर्यायाला आधी एकच प्रश्न विचारते: हे निघणार कसं?

भिंत काय म्हणते ते आधी बघा

स्टिकर चिकटतो तो रंगाला. रंग पुट्टीला धरून असतो आणि पुट्टी गिलाव्याला. ओढताना यातली जी पकड सगळ्यात कच्ची असेल तिथून सुटतं. म्हणून एकच स्टिकर एका घरात अलगद निघतो आणि दुसऱ्या घरात पोपडे काढतो.

महाल-इतवारीकडच्या जुन्या घरांत चुना किंवा साधं डिस्टेंपर सापडतं. भिंतीवर तळहात घासा. हाताला पांढरी भुकटी लागली तर त्या भिंतीवर कुठलाच स्टिकर लावू नका. तो आज त्या भुकटीला चिकटेल आणि आठवड्याभरात खाली येईल. भाड्याच्या बऱ्याच फ्लॅटमध्ये पुट्टीवर ऑइल बाउंड डिस्टेंपरचा हात असतो, बऱ्याचदा प्रायमर न मारता. माझ्या प्रतापनगरच्या भिंतीचं दुखणं हेच होतं. प्रायमर मारून वर प्लास्टिक पेंट, म्हणजे अ‍ॅक्रिलिक इमल्शन दिलेली गुळगुळीत भिंत सगळ्यात बरी. मात्र डाग धरत नाही अशी खात्री देणारे धुण्याजोगे रंग असतात, त्यांच्यावर काही स्टिकरांचा गोंदही नीट धरत नाही. खरखरीत टेक्स्चरवर गोंद फक्त उंचवट्यांना टेकतो, त्यामुळे तिथे स्टिकरचा विचारच नको.

परीक्षा सोपी आहे. बोटभर लांब मास्किंग टेप दाबून लावा, एक दिवस राहू द्या, मग हळू ओढा. टेपच्या पाठीला रंगाचे कण दिसले तर स्टिकर सोडा आणि सरळ स्टेन्सिलकडे वळा. नुकताच रंग दिला असेल तर तीन-चार आठवडे थांबा. रंग हाताला काही तासांत कोरडा लागतो, पण आतून पक्का व्हायला एवढा वेळ लागतो. दिवाळीला रंग देऊन त्याच आठवड्यात स्टिकर लावायची घाई आपल्याकडे फार होते.

तीन पर्याय शेजारी शेजारी

कट विनाइल म्हणजे एकरंगी विनाइलमधून (मागे गोंद असलेली पातळ प्लास्टिक शीट) प्लॉटर मशीनने कापलेली आकृती. तिला पार्श्वभूमी नसते, त्यामुळे झाड, अक्षरं, वारलीची माणसं थेट भिंतीवर रंगवल्यासारखी दिसतात. गाड्यांवर नावं आणि पट्टे लावणारे आपले रेडियमवाले हेच कापून देतात, तेही तुमच्या मापात आणि तुमच्या डिझाइननुसार. या तिघांत मला दिसायला हेच सगळ्यात आवडतं. पण इथेच फसगत होते. रेडियमवाल्याकडे हाताशी असतो तो गाडीसाठीचा माल: चकचकीत आणि कायमच्या गोंदाचा. ऊन-पाऊस झेलण्यासाठी बनवलेला तो गोंद घरातल्या रंगाला सोडत नाही. भिंतीसाठी मॅट फिनिशचा आणि निघणाऱ्या गोंदाचा विनाइल वेगळा मिळतो. जर्मनीच्या ओराफोल कंपनीच्या मालाचं उदाहरण घ्या: ओराकल ६३१ हा मॅट आणि निघणारा आहे, तर ६५१ कायमच्या गोंदाचा. कंपनी कुठलीही असो, रोलवरचं लेबल दाखवायला सांगा. नुसतं "वॉल स्टिकरच आहे ताई" यावर विश्वास ठेवू नका. मी तेव्हा ठेवला होता.

छापील स्टिकर म्हणजे ऑनलाइन आणि स्टेशनरीच्या दुकानात मिळतात ते, प्राणी, फुलपाखरं, कार्टून वगैरे. रंगीत छपाई आणि भोवती पारदर्शक किंवा पांढरी किनार. लावायला सगळ्यात सोपे, पाठचा कागद सोलला की झालं. पण पारदर्शक किनारीवर उजेड तिरका पडला की ती चमकते आणि नागपूरची धूळ आधी तिच्या कडेला बसते. दोन वर्षांत प्रत्येक फुलपाखराभोवती काळी रेघ दिसायला लागते. यातला एक प्रकार मात्र मी मोकळ्या मनाने सुचवते: कापडी स्टिकर. पॉलिएस्टर कापडावर छपाई आणि हलका गोंद. काढून दुसरीकडे पुन्हा लावता येतो, ओढताना फाटत नाही. किंमत जास्त पडते, पण लहान मुलांच्या खोलीसाठी मी दुसरं काही घेणार नाही.

स्टेन्सिल म्हणजे कापलेल्या प्लास्टिक शीटमधून रंग टिपणं. यात गोंदच नाही, म्हणून भिंत सोलण्याची भीती नाही. टेपच्या परीक्षेत नापास झालेल्या भिंतीवरही चालतं. कूलरची ओल, मेची गरमी, कशानेही कडा उचलत नाहीत. फक्त ते "निघत" नाही. नको झालं की घासून, प्रायमर मारून, रंगाचे दोन हात द्यावे लागतात. गडद रंगाचं असेल तर एका हातात झाकलं जात नाही. आणि हात बसलेला नसला तर शीटखाली रंग पाझरतो. ब्रश किंवा स्पंज जवळजवळ कोरडा ठेवायचा, ही सगळी युक्ती आहे.

वॉलपेपरबद्दलही लोक विचारतात. नेहमीचा रोल ५३ सेंटिमीटर रुंद आणि १० मीटर लांब असतो, म्हणजे साधारण ५७ चौरस फूट. दहा बाय दहाच्या एका भिंतीला दोन रोल लागतात आणि नक्षी जुळवण्यात काही वाया जातं. भाड्याच्या घरात मी तो लावणार नाही, कारण काढताना सगळीच भिंत पणाला लागते.

नागपूरचं हवामान कुणाच्या बाजूने?

विनाइल म्हणजे पीव्हीसी. ते मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट द्रव्य मिसळलेलं असतं, ते वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर पडत जातं. मग विनाइल आकसतं, कडक होतं आणि ओढलं की तुकडे पडतात. उष्णतेने हे लवकर होतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि पश्चिमेची बाहेरची भिंत संध्याकाळी आतून हात लावला तरी तापलेली लागते. माझं झाड अशाच भिंतीवर होतं. स्टिकर लावायचाच तर दोन खोल्यांच्या मधली, आतली भिंत निवडा.

दुसरी गोष्ट कूलरची. बाहेर हवा कोरडी असली तरी ओल्या ताटीतून येणारा झोत समोरच्या भिंतीवर तीन महिने दमट हवा मारत असतो. त्या भिंतीवर साध्या छापील स्टिकरच्या कडा मी स्वतः वळलेल्या पाहिल्या आहेत. कूलरच्या समोरची भिंत आणि न्हाणीघराला लागून असलेली भिंत, दोन्ही स्टेन्सिललाच ठेवा. ओल येत असेल तर तेही नको, आधी ओलीचा बंदोबस्त.

लावण्यासाठी दिवाळीनंतरचे महिने उत्तम. पावसाळ्यात भिंत आतून दमट असते. डिसेंबर-जानेवारीत सकाळी गारठ्याने विनाइल ताठ होतं आणि गोंदही नीट धरत नाही, म्हणून दुपारी काम करा.

लावताना

छापील आणि कापडी स्टिकरबद्दल सांगण्यासारखं फार नाही. वरून खाली, थोडा थोडा कागद सोलत, कोरड्या कापडाने दाबत जायचं. कट विनाइलला मात्र वेळ द्या.

भिंत कोरड्या कापडाने झाडून घ्या, मग ओलसर कापडाने पुसा आणि एक दिवस वाळू द्या. कट विनाइल तीन थरांत येतं: पाठचा कागद, मधे आकृती, वर ट्रान्स्फर टेप, म्हणजे आकृती अख्खी उचलून भिंतीवर नेणारी चिकट शीट. आधी जुन्या एटीएम कार्डाने वरून घट्ट घासा, म्हणजे आकृती टेपला धरते. मग मास्किंग टेपने पूर्ण शीट भिंतीवर टांगून बघा. दोन पावलं मागे जा, सोफ्यावर बसून बघा, घरातल्यांना विचारा. जागा ठरली की शीटच्या मधोमध मास्किंग टेपची उभी पट्टी लावा. ती बिजागरीसारखं काम करते. एक अर्धा भाग दुमडून त्याचा पाठचा कागद सोला, कापून टाका, आणि मधून बाहेरच्या बाजूला कार्ड फिरवत चिकटवा. मग पट्टी काढून दुसरा अर्धा. ट्रान्स्फर टेप उचलताना ती भिंतीलगत मागे दुमडून, तिरकी आणि सावकाश ओढा. एखादं पान टेपबरोबर उठलं तर टेप परत टेकवून घासा. फुगा राहिला तर सुईने टोचून दाबा. साबणाच्या पाण्याची जी पद्धत सांगतात ती काच आणि टाइल्ससाठी आहे. रंगवलेल्या भिंतीवर ती करू नका.

आठ-नऊ फुटांचं झाड असेल तर दोन माणसं हवीतच. मी आणि माझी जाऊ, आम्ही दोघींनी तिच्याकडचं झाड एका दुपारी लावलं.

काढताना

हेअर ड्रायर मध्यम आचेवर, भिंतीपासून वीतभर अंतरावर, एका जागी न थांबवता फिरवत ठेवा. अर्धा-एक मिनिटात गोंद सैल होतो. नखाने कड उचला, आणि इथे बहुतेक जण चुकतात: स्टिकर स्वतःकडे ओढू नका. तो मागे दुमडून भिंतीला समांतर, अगदी हळू ओढा. समोर ओढला की सगळा जोर रंगावर येतो. जिथे अडेल तिथे परत ऊब द्या. चाकू किंवा पत्र्याची पट्टी नको. जुनं एटीएम कार्ड पुरतं.

राहिलेल्या गोंदावर आधी कोमट साबणपाण्याचं कापड ठेवून बघा. नाही गेला तर नीलगिरीचं तेल कापसावर थोडं घेऊन टिपा आणि लगेच साबणपाण्याने पुसा, नाहीतर मॅट रंगावर तेलाचा डाग राहतो. खोबरेल तेलाचंही तेच. नेलपॉलिश रिमूव्हर आणि थिनर रंगच विरघळवतात, ते दूर ठेवा. कुठलाही उपाय आधी सोफ्यामागे करून बघा.

सगळं नीट निघालं तरी स्टिकरखालची भिंत नव्यासारखी आणि भोवतीची मळलेली दिसू शकते. दोन-तीन वर्षांनी काढलं की झाडाची सावली राहतेच. पुसून ती थोडी फिकी होते, पूर्ण जात नाही. हे घरमालकाला आधी सांगून ठेवा.

मग मी काय घेईन

अकरा महिन्यांच्या करारावर राहत असाल तर कापडी स्टिकर. तोही भिंत टेपच्या परीक्षेत पास झाली तरच, आणि घरमालकाला विचारून. नापास झाली तर भिंतीला हात न लावता खिडकीच्या काचेवर किंवा कपाटाच्या सनमायकावर कट विनाइल लावा. तिथून ते ड्रायरने सहज निघतं.

स्वतःचं घर, आतली गुळगुळीत भिंत आणि तीन वर्षांनी बदलायची तयारी असेल तर निघणाऱ्या गोंदाचं कट विनाइल. स्वतःचं घर आणि पश्चिमेची किंवा कूलरसमोरची भिंत असेल तर स्टेन्सिल, आणि उरलेला बेसचा रंग घट्ट झाकणाच्या बरणीत जपून ठेवा.

आणि कट विनाइल लावाल त्या दिवशी रेडियमवाल्याकडून दोन-तीन पानं जास्तीची कापून घ्या. ती त्याच भिंतीवर खाली, सोफ्याच्या मागे लावा. दर दिवाळीच्या साफसफाईत त्यातलं एक ड्रायर फिरवून ओढून बघायचं. सलग निघालं तर झाड आणखी वर्षभर राहू दे. तुकड्यांत निघालं तर त्याच सुट्टीत झाड उतरवायला घ्या.