१:७२ डायकास्ट स्पिटफायर मार्क ९: वजन नको, पट्टी पाहा

डायकास्ट, म्हणजे साच्यात वितळलेला धातू भरून बनवलेलं छोटं नमुना-विमान हातात घेतलं की आधी जाणवतं ते वजन, आणि जाहिरातीतही त्याचाच गाजावाजा असतो. पण स्पिटफायरचं (दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान) सगळं सौंदर्य तिच्या पातळ, लंबवर्तुळाकार पंखात आहे. जस्ताच्या मिश्रधातूला सगळ्यात जड जातं ते नेमकं हेच. वितळलेला धातू साच्याच्या फार अरुंद जागेत नीट भरत नाही, म्हणून उत्पादक कडा जाड ठेवतात. १:७२ म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं, तेव्हा पंखाची मागची कड १ मिमी भरली, तर खऱ्या विमानावर ती ७२ मिमी झाली. कोरलेल्या पॅनेल रेषांचंही तसंच. अर्ध्या मिमीची रेष म्हणजे ३६ मिमी रुंद चर, आणि असा चर घेऊन कुठलंही लढाऊ विमान उडालं नाही. रेषा बारीक असतील आणि त्यांत गडद वॉश (रेषा उठून दिसाव्यात म्हणून लावलेला पातळ रंग) ओतलेला नसेल, तर तो नमुना वरच्या दर्जाचा.

म्हणून परीक्षेची सुरुवात पट्टीने करा. पंखांची टोकं छाटलेली नसतील, तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १५.६ सेंमी भरायला हवं, कारण मूळ विमानाचा पंखविस्तार ११.२३ मीटर. मग विमान चाकांवर सपाट काचेवर ठेवा आणि दोन्ही टोकांची काचेपासूनची उंची मोजा. फरक दिसला तर बहुतेक वेळा पंख वाकडा नसतो, चाकाचा एक पाय खाचेत पुरता बसलेला नसतो. पंख आणि धड यांच्या जोडातली फट मात्र मागून आणि खालून नीट पाहून घ्या. तयार रंगावर पुट्टी भरली की रंगकामच बिघडतं, तेव्हा ही फट नंतर बुजवता येईल असं धरू नका.

एकाच साच्यावर वेगवेगळ्या स्क्वाड्रनांचे रंग चढवून विकण्याची पद्धत आहे, आणि सर्वांत जास्त चुका तिथेच होतात. मार्क म्हणजे विमानाची आवृत्ती. मार्क ९ ला चार पात्यांचा प्रोपेलर, दर बाजूला सहा एक्झॉस्ट नळ्या आणि दोन्ही पंखांखाली सारख्याच आकाराच्या रेडिएटरच्या पेट्या हव्यात. एका पंखाखाली मोठी पेटी आणि दुसऱ्याखाली छोटा ऑइल कूलर दिसला, तर तो आधीच्या मार्कचा साचा आहे. १९४० च्या ब्रिटनवरच्या हवाई लढाईतला तपकिरी-हिरवा रंग मार्क ९ वर चालणार नाही. तिच्या काळात युरोपातली नेहमीची रंगसंगती वरून करडा-हिरवा आणि खालून फिकट करडा अशी होती. ब्रिटिश लढाऊ वैमानिक जॉनी जॉन्सन यांचं १९४३ मधलं ईएन ३९८ क्रमांकाचं विमान नमुन्यांत फार लोकप्रिय आहे. त्यावर काळे-पांढरे आक्रमण-पट्टे रंगवलेले असतील तर सरळ परत करा, ते पट्टे जून १९४४ मधल्या नॉर्मंडीवरच्या आक्रमणाच्या वेळचे. जिथे ते हवेतच, तिथे तीन पांढरे आणि दोन काळे, प्रत्येकी १८ इंच, म्हणजे या प्रमाणात ६.३५ मिमी.

चाकं काढून बंद दारं बसवण्याची सोय असते. खाचेत रंगाचा थर साचलेला असतो, त्यामुळे खुंटी घट्ट जाते, जोर लावला की पाय मुळाशी तुटतो. छोटा ड्रिल बिट बोटांनी फिरवून आधी रंग खरवडा. सैल भाग चिकटवायला कॅनपीजवळ (वैमानिकावरचं पारदर्शक झाकण) सुपरग्लू कधीच वापरू नका. त्याच्या वाफेने पारदर्शक प्लास्टिकवर पांढरट धुकं चढतं. पांढरा पीव्हीए गोंद पुरतो. छापील चिन्हं पुसायला स्पिरिटही नको, मऊ ब्रश बास.

स्टँडच्या रबरी टोकांकडे लक्ष ठेवा. रबरातला प्लास्टिसायझर (रबर मऊ ठेवणारं रसायन) महिनोन्‌महिने रंगाला लागून राहिला की डाग पडतो, प्रसंगी रंग चिकट होतो.

जुना, वापरलेला नमुना घेताना रंगाचे फुगवटे आणि पंखाच्या मुळाशी केसासारख्या भेगा शोधा. मिश्रधातूत शिसं मिसळलं गेलं असेल तर जस्त आतून पोखरत जातं, दमटपणा त्याला वेग देतो, आणि एकदा सुरू झाल्यावर ते थांबवता येत नाही. आजच्या शुद्ध मिश्रधातूत हे क्वचितच घडतं.

रंगकाम तयार हवं आणि एका कपाटात पूर्ण स्क्वाड्रन मांडायची असेल, तर १:७२ डायकास्ट नक्की घ्या. पंखाच्या धारदार कडेसाठी जीव तुटत असेल, तर प्लास्टिक किटला पर्याय नाही. १:४८ मध्ये तीच १ मिमीची कड ४८ मिमीवर येते, पण पंखविस्तार २३.४ सेंमी होतो, तेव्हा आधी फळीची खोली मोजा.