जुन्या डेस्कटॉपमधली नवी हार्ड डिस्क स्लो: तीच सुधारायची की एसएसडी टाकायची?

बरेच जण म्हणतात मदरबोर्ड जुना, त्यावरचं डिस्क जोडायचं पोर्ट साटा २ (जुन्या पिढीचं) आहे म्हणून डिस्क रखडते, पण ते काही खरं नाही, साटा २ ला कागदावर सेकंदाला ३०० एमबी जातात आणि साधी ७२०० आरपीएमची डिस्क २०० च्या आसपासच दमते. म्हणजे पोर्टला दोष देऊन उपयोग नाही.

डिस्क सुधारायची तर आधी क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा आणि सी७ ची ओळ बघा, सीआरसी एरर, म्हणजे केबलमधून जाताना डेटा किती वेळा बिघडला ते. तिथली रॉ व्हॅल्यू (एररचा आकडा) फाइली कॉपी करताना वाढत असेल तर बहुतेक वेळा केबलच गंडलेली असते, ती बदला, स्वस्तात काम होतं. बायोसमध्ये (कॉम्प्युटर चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) डिस्कसाठी जुना आयडीई मोड असेल तर असे एरर साठले की विंडोज डिस्कला पीआयओ मोडवर (सीपीयूनेच डेटा हलवायची जुनी, संथ पद्धत) ढकलतं, मग स्पीड पार झोपतो आणि सीपीयू उगाच राबतो. (आयडीईऐवजी एएचसीआय हा नवा मोड थेट ऑन करू नका हं, विंडोज ७ मध्ये आधी रजिस्ट्रीत ड्रायव्हर चालू करावा लागतो, नाहीतर निळा स्क्रीन.) आणि डिस्क एसएमआरवाली (डेटाचे पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणारी) निघाली, सुरुवातीला सुसाट आणि मोठी फाइल टाकली की रडत रडत, तर त्यावर इलाज नाही.

एसएसडीचं (फिरता भाग नसलेली, चिपवाली डिस्क) सोपंय. साटा २ वर ती अर्ध्याच स्पीडने चालते पण विंडोज बारीक बारीक फाइली वाचतं ना, तिथे हार्ड डिस्क तिच्या जवळपासही येत नाही.

माझं मत, विंडोज छोट्या एसएसडीवर, फोटो-पिक्चर डिस्कवर. केबल मात्र आधी बदलाच.