राणीच्या बागेतला हत्ती: आधी जोड बघा

राणीच्या बागेत शिरलेली बहुतेक मंडळी पोरांचा हात धरून थेट पेंग्विनकडे पळतात. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेरचा काळा दगडी हत्ती तसाच राहून जातो. खरं तर पहिली दहा मिनिटं त्यालाच द्यावीत. पोर्तुगीजांनी घारापुरीला ज्याच्यावरून ‘एलिफंटा’ म्हटलं, तो हाच.

१८१४ मध्ये बेटावरच त्याची मान तुटून डोकं खाली आलं होतं. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, पण उचलताना क्रेन मोडली आणि आधीच तडकलेल्या दगडाचे तुकडे झाले. ते इथे आणले आणि १९१४ मध्ये जोडून हत्ती उभा केला. त्यामुळे समोरून फोटो काढून निघालात तर अर्धा हत्ती बघायचाच राहिला. बाजूने जा, तेही सकाळी किंवा चार वाजल्यानंतर. तिरप्या उन्हात जोडांच्या रेषा कळतात. भर दुपारी बेसॉल्ट नुसता काळा ठिक्कर दिसतो. त्याच्या पाठीवर एक छोटं जनावरही होतं. ते पिल्लू की वाघ, यावर जुन्या प्रवाशांचं जमलेलं नाही!

संग्रहालयाची इमारत १८७२ ची, पण संग्रह तिच्याहून जुना आणि तोही हलवाहलव सोसलेला. १८५७ च्या उठावात फोर्टातल्या बराकी सैन्याला हव्या झाल्या, तेव्हा वस्तू घाईघाईने टाउन हॉलमध्ये नेल्या. आत जुन्या मुंबईचे नकाशे आणि मातीच्या छोट्या प्रतिकृती निवांत बघाव्यात. भाऊ दाजींचं नाव इमारतीला १९७५ मध्ये मिळालं. वर बघायला विसरू नका, २००८ मध्ये पूर्ण झालेल्या जीर्णोद्धाराची खरी मेहनत छतावर आणि लोखंडी खांबांवर आहे.

भायखळा स्टेशनच्या पूर्वेला उतरून चालत या, टॅक्सीची गरज नाही. बुधवारी बंद. घारापुरीही जोडून करायची असेल तर सोमवार टाळा, त्या दिवशी लेणी बंद असतात.

निघताना बागेतला घोडेस्वारही बघून घ्या. काळा घोडा चौकातून १९६५ मध्ये हलवलेला खरा ‘काळा घोडा’ हाच, पाठीवर सातव्या एडवर्डसकट. चौकात २०१७ पासून उभा आहे तो दुसरा, बिनस्वाराचा.