पंधरा हजारांची स्ट्रॅट, नागपूरच्या उन्हाळ्यातून काढल्यावर

मागच्या पावसाळ्यात ऑनलाइन मागवलेली स्ट्रॅट-छाप, म्हणजे फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरच्या धर्तीची इलेक्ट्रिक गिटार. पंधरा हजारांच्या आतबाहेरची, मेपल लाकडाची नेक (दांडा), तारांचं कंपन टिपणारे तीन सिंगल कॉइल पिकअप, आणि दांडी दाबून सूर हलवता येतो असा ट्रेमोलो ब्रिज (बॉडीवर तारा धरणारा भाग). कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या किमतीच्या बहुतेक गिटारींचं रडगाणं हेच. खोक्यावर ‘सेटअप करून’ (वाजवण्याजोगी जुळवून) असं छापलं होतं. म्हणजे तारा लावलेल्या होत्या, एवढंच.

आधी ट्यूनिंगचं सांगतो. G (जी) तार बेंड करून, म्हणजे बोटानं बाजूला ताणून, सोडली की उतरलेली असायची, आणि ट्रेमोलो दाबून सोडला की चढलेली. ज्याला विचाराल तो म्हणतो, ट्यूनिंग की (तार पिळायच्या खुंट्या) बदलून टाक. पण दोष कींचा क्वचितच असतो. की हळूहळू पिळताना नटापाशी (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी) ‘टिंग’ असं वाजलं तर तार खाचेत अडकते आहे असं खुशाल समजा. बेंड करताना ती नटातून ब्रिजकडे ओढली जाते आणि परत मागे सरकत नाही, म्हणून सूर उतरतो. ट्रेमोलोत उलटं होतं, म्हणून चढतो. त्यात मला नऊ-बेचाळीसचा बारीक तारांचा सेट (आकडे जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागात) फार लिबलिबीत वाटायचा, म्हणून दहा-शेहेचाळीस घातला. जाड तारांना मूळच्या खाचा आणखीनच तंग झाल्या.

सदर भागातल्या एका कारागिरानं खाचा बाजूनं मोकळ्या करून दिल्या. तळाला त्यानं फाइल लागू दिली नाही. “भाऊ, खाली जराशी जास्त गेली ना, तर नटच नवा बसवा लागते,” म्हणाला. बरोबरच आहे. खाच खोल गेली की मोकळी तार पहिल्या फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) आपटते, आणि मग तो बझ (झणझणाट) सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) उचलूनही पुरता जात नाही. आता तारा बदलताना खाचेत टूबी पेन्सिलीचं शिसं घासतो. सूर लावताना तार आधी थोडी उतरवायची आणि खालून वर आणायची, हेही अंगवळणी पडलं.

तरंगता, म्हणजे बॉडीला न टेकता स्प्रिंगांवर तोललेला ट्रेमोलो मात्र मला मानवला नाही. एक तार उतरवली की बाकीच्या पाच चढतात. मागचं झाकण काढून स्प्रिंगांच्या पट्टीचे दोन स्क्रू आवळले आणि ब्रिज बॉडीवर सपाट टेकवून टाकला. वर ओढायची सोय गेली, पण सूर टिकायला लागला. सौदा परवडला.

बझचं प्रकरण उन्हाळ्यातलं. एप्रिल लागला की आपल्याकडची हवा खडखडीत कोरडी होते. लाकूड आकसतं, फ्रेट नाही आकसत, म्हणून नेकच्या कडेला फ्रेटची टोकं बोटाला टोचायला लागली. त्याच सुमारास जाड ई आणि ए तारा पहिल्या चार फ्रेटवर झणझणू लागल्या, वर बारा-पंधराला मात्र साफ. बझ कुठे येतो हेच आधी पाहायचं. खालच्या, म्हणजे नटाकडच्या फ्रेटवर असेल तर बहुधा नेकची वाक कमी झालेली असते, वरच्या फ्रेटवर असेल तर सॅडल खाली असतं, एकाच ठिकाणी असेल तर पुढचा एखादा फ्रेट उंच. लोक थेट सॅडल उचलतात. मग बझ जातो खरा, पण तारा इतक्या उंच होतात की बार कॉर्ड (एका बोटानं सगळ्या तारा दाबून) धरताना मनगट बोंबलतं.

मापायला इतवारीतून फीलर गेज (मापाच्या पातळ पत्त्या) आणलं, बाईकचा टॅपेट सेट करायला मेकॅनिक वापरतात तेच. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), जाड ई शेवटच्या फ्रेटवर दाबलेली, आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली फट बघायची. साधारण 0.25 मिमी हवी. माझ्याकडे 0.05 ची पत्तीही शिरत नव्हती. ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली वाक ठरवणारी सळई, पाव फेरा ढिला केला, रात्रभर ठेवला, सकाळी पुन्हा मापला. बझ निम्म्याच्या वर तिथेच गेला. उरलेल्यासाठी सॅडल किंचित उचलली. आता बाराव्या फ्रेटवर जाड ई साधारण 2 मिमी, बारीक ई दीडच्या पुढे. इंटोनेशन (सगळ्या फ्रेटवर सूर बरोबर यावा म्हणून जुळवणी) सगळ्यात शेवटी आणि नव्या तारांवरच करा. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तारेला नुसता स्पर्श करून काढलेल्या सुरापेक्षा) चढा असेल तर सॅडल मागे न्यायचं.

नवतप्यात, म्हणजे उन्हाळ्याच्या कडक नऊ दिवसांत, गिटार कूलरच्या झोतात ठेवू नका. दुपारी कोरडी, रात्री दमट, नेकचा जीव जातो. मी ती आतल्या खोलीत केसमध्ये ठेवली. कूलर चालू असताना फोनमधल्या ट्यूनरचाही उपयोग नसतो, माइकला नुसती घरघर ऐकू येते. क्लिपचा ट्यूनर लाकडाचं कंपन घेतो, तो बरा.

एक गोष्ट फारसं कोणी सांगत नाही. जाड ई वरच्या फ्रेटवर दोन सूर वाजल्यासारखी थरथरत होती. नेक पिकअप फार वर होता, त्याची चुंबकं तार खेचत होती. स्क्रू फिरवून तो खाली घेतला आणि थरथर गेली. हे कळलं नसतं तर याच्यासाठी मी इंटोनेशनवर दोन संध्याकाळी घातल्या असत्या.

आता पुन्हा पाऊस लागलाय, फट वाढून 0.35 च्या आसपास गेली आहे, त्यामुळे रॉड थोडा आवळावा लागेल. चौदाव्या फ्रेटवर B (बी) तार अजून मरते, कारण पंधरावा उंच आहे. लेव्हलिंगला, म्हणजे फ्रेट घासून एका पातळीत आणायला, सांगितलेला भाव गिटारीच्या किमतीच्या मानानं जास्त वाटला, आणि त्या फ्रेटवर मी फार जातही नाही. विकणार नाही, आवाज खरंच छान आहे. पण याच किमतीत दुसरी घ्यायची झाली तर ट्रेमोलो नसलेली, हार्डटेलच घेईन.